चरख्याचे चाक आणि त्याचा तोल

चरखा मूळचा कुणाचा, या प्रश्नावर मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप नेहमी फिरत असतात. एक सांगतो की चरखा वेदकाळापासून इथलाच आहे, बाहेरून आलेल्यांनी फक्त लूट केली. दुसरा सांगतो की मुसलमान आले नसते तर या देशाला अंगभर कपडा मिळाला नसता. दोन्ही निरोप अगदी ठाम असतात. पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्या लोकांनी आयुष्यात कधी चरख्याची मूठ हातात धरलेली असते.

म्हणून आधी मूठ हातात धरू या, मग इतिहासाकडे वळू.

जुना चरखा कुणाच्या माळ्यावर सापडतो, कुणी भंगारवाल्याकडून आणतो. पुसूनपासून ठेवला, माळ चढवली, चाक फिरवले की पहिली तक्रार येते ती अशी : चाक एका बाजूला धाडकन खाली येते आणि वर चढताना रेंगाळते. पाय डगडगतात, सूत तुटते. माणसाला वाटते आपल्याला कातता येत नाही. पण अनेकदा खोट हातात नसते, ती चाकाच्या तोलात असते.

याचे गणित सोपे आहे. मोठ्या चाकाचा व्यास २४ इंच आणि चातीवरच्या छोट्या फिरकीचा व्यास अर्धा इंच धरला, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ४८ वेळा फिरते. माळ थोडी घसरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरतो. चाकाचा वेग जितका बदलतो, त्याच प्रमाणात चातीचाही बदलतो. कातणारीचा हात मात्र पेळूतून एकाच लयीत धागा ओढत असतो. चाक झपाट्याने खाली येते तेव्हा धाग्याच्या त्या तुकड्याला पीळ जास्त बसतो, चाक रेंगाळते तेव्हा पुढच्या तुकड्याला कमी. जास्त पिळाचे सूत गाठाळते, कमी पिळाचे सुटून येते. विणकराच्या मागावर ते ताण्यात घातले की पहिल्या ओढीलाच त्याची परीक्षा होते.

घरच्या घरी तोल तपासायला हत्यारे लागत नाहीत. आधी माळ काढून टाकायची, म्हणजे चाक मोकळे होते. आसावरचा जुना मळ पुसून दोन थेंब तेल सोडायचे. मग चाक हळूच फिरवून ते आपोआप थांबेपर्यंत वाट पाहायची आणि अगदी तळाशी आलेल्या जागी खडूने खूण करायची. असे पाच-सहा वेळा करायचे. खूण दर वेळी वेगळ्या जागी पडली तर चाक तोलात आहे. दर वेळी तोच भाग तळाशी आला तर ती बाजू जड आहे. आता त्याच्या बरोबर समोर, कडेला, मेणाचा किंवा ओल्या मातीचा छोटा गोळा चिकटवायचा. खुणेची जागा घड्याळातल्या तीनवर आणून चाक सोडायचे. खूण खाली गेली तर गोळा वाढवायचा, वर गेली तर कमी करायचा. चाक तीनवर, सहावर, नऊवर, बारावर, जिथे सोडू तिथे गुमान उभे राहिले की काम झाले. मग गोळ्याच्या वजनाइतका शिशाचा तुकडा किंवा स्क्रू त्याच जागी पक्का करायचा. वजन लावायचे नसेल तर जड बाजूचे लाकूड आतून थोडेथोडे तासायचे.

एक काळजी मात्र आधी घ्यावी लागते. चाक गोल आहे ना आणि ते आसावर सरळ बसले आहे ना, हे पाहायचे. कडेजवळ एक काडी रोवून चाक फिरवले की कळते. कड काडीपासून जवळ-लांब होत असेल तर चाक गोल नाही किंवा भोक मध्यावर नाही. कड डावी-उजवीकडे झुलत असेल तर चाक आसावर तिरके आहे. हे दोष वजन लावून जात नाहीत. ते आधी काढायचे, तोलाचे काम शेवटी.

आता इतिहास.

आमच्या उर्दूत तोलाला ‘तवाज़ुन’ म्हणतात. तो शब्द ‘वज़न’ या धातूतून आला आहे, आणि त्याच धातूतून तराजूला ‘मीज़ान’ म्हणतात. हा शब्द ज्या दुनियेतून आला, त्या दुनियेत चाकाचा तोल साधण्याची लेखी नोंदही सापडते. दजला नदीच्या काठी आमिद नावाचे शहर होते. आज ते तुर्कस्तानात आहे आणि त्याला दियारबकर म्हणतात. तिथल्या अर्तुकी राजघराण्याच्या पदरी अल-जज़री नावाचा कारागीर होता. १२०६ मध्ये त्याने यंत्रांवरचा आपला मोठा ग्रंथ अरबीत पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळे आहेत, पाणी उपसण्याची यंत्रे आहेत, आणि प्रत्येक भाग कसा बनवायचा याच्या बारीक सूचना आहेत. डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने १९७४ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. हिल यांनी अल-जज़रीच्या ज्या कामांकडे मुद्दाम लक्ष वेधले, त्यांत मोठ्या कप्प्यांच्या चाकांचा तोल साधण्याची पद्धत आहे. लाकूड वाकू नये म्हणून पातळ थर एकमेकांवर चिकटवण्याची युक्तीही आहे. चाक सोडायचे, थांबू द्यायचे, जड बाजू ओळखायची, हे शहाणपण आठशे वर्षांपूर्वी एका कारागिराला लिहून ठेवण्याजोगे वाटले. अल-जज़रीने चरखा बनवला असे मात्र यावरून म्हणता येत नाही. त्याचा विषय पाणी आणि घड्याळे हा होता.

चरख्याचे ओळखू येईल असे सर्वांत जुने चित्र बगदादमधले आहे, १२३७ सालचे. चीनमधले चित्र साधारण १२७० चे आणि युरोपातले १२८० च्या आसपासचे. चित्र जुने म्हणजे यंत्र तिथेच जन्मले असे होत नाही. चित्र काढले जाण्याआधी वस्तू किती पिढ्या घरात असते, कोण सांगणार? म्हणून चरख्याचे जन्मगाव चीन, पश्चिम आशिया की भारत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

भारतात सूत काढणे मात्र फार जुने आहे, याबद्दल वादच नाही. सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांत टकळीच्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. ती चकती म्हणजे छोटेसे फ्लायव्हीलच. हाताने दिलेला झटका ती साठवते आणि टकळी फिरती ठेवते. तिचेही भोक मध्यावर नसले तर टकळी थरथरते. म्हणजे तोलाचे ज्ञान चरख्यापेक्षाही जुने आहे, आणि ते इथल्या कुंभाराला होते, कातणाऱ्या बाईला होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. विधवा, निराधार बायकांकडून सूत कातून घेण्याचे नियम तिथे आहेत. चाकाचा स्पष्ट उल्लेख तिथे नाही.

मग इथे चाक कधी दिसते? प्रा. इरफान हबीब यांनी १९६९ मध्ये भारतीय इतिहास परिषदेच्या अधिवेशनात तेराव्या-चौदाव्या शतकातल्या तंत्रज्ञानावर एक प्रसिद्ध भाषण केले. त्यात त्यांनी मांडले की चरखा तुर्कांच्या आगमनाच्या काळात भारतात आला असावा. त्यांचा एक मुख्य पुरावा आहे इसामीचा ‘फ़ुतूह-उस-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ. तो १३५० साली पूर्ण झाला, आणि कुठे? दिल्लीत नव्हे, आपल्या दख्खनमध्ये. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, तेव्हा तरुण इसामी आपल्या वृद्ध आजोबांबरोबर निघाला. आजोबा वाटेतच वारले. इसामी दौलताबादला राहिला आणि पुढे बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन बहमनशाह याला त्याने आपला ग्रंथ अर्पण केला.

या ग्रंथात चरखा कशाच्या ओघात येतो, हे पाहिले की मन खट्टू होते. इसामी रझिया सुलतानविषयी लिहितो आहे. रझिया १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती. बाईने तख्तावर बसणे इसामीला पसंत नाही. बाईची शोभा चरख्यापाशी आहे, अशा अर्थाचे तो सुनावतो. म्हणजे भारतातल्या चरख्याचा जो जुना लेखी पुरावा आपण अभिमानाने दाखवतो, तो एका कर्तबगार राणीला कमी लेखण्यासाठी वापरलेला शब्द आहे. पण इतिहासाला त्यातूनही एक गोष्ट कळते. टोमणा मारायला माणूस नेहमी परिचयाची वस्तू निवडतो. १३५० पर्यंत चरखा वाचकांना ठाऊक होता आणि तो बायकांच्या हातात होता, एवढे त्यातून नक्की होते. रझियाच्या काळी दिल्लीत तो होताच, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. तिच्यात आणि इसामीत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती दक्षिणेतूनच येते. कर्नाटकात बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरण चळवळीत कदिरे रेम्मव्वे नावाची सूत कातणारी संत-कवयित्री होऊन गेली. तिच्या एका वचनात कातण्याचे चाक येते. त्या चाकाच्या भागांत ती देव पाहते : खालची फळी ब्रह्मा, वरचे तोरण विष्णू. चाकाला ती ‘राटे’ म्हणते, आपल्या ‘राहाटा’सारखाच शब्द. विजया रामस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दक्षिणेतल्या अशा उल्लेखांच्या आधारे हबीब यांच्या मांडणीवर प्रश्न उभे केले. वचने पुढच्या काळात संकलित झाली, त्यामुळे शब्द न् शब्द बाराव्या शतकातलाच आहे का, यावर वाद होतो. तरी हा पुरावा बाजूला सारता येत नाही.

शब्दही असेच दोन घरचे आहेत. ‘चरखा’ फारसी ‘चर्ख’वरून आला, ‘राहाट’ संस्कृत ‘अरघट्ट’वरून. आणि गंमत अशी की फारसी ‘चर्ख’ आणि संस्कृत ‘चक्र’ हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत. दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या मुलखांत वाढले आणि सूत कातण्याच्या निमित्ताने पुन्हा एका घरात आले.

चरख्याने काय बदलले? हबीब यांच्या अंदाजाप्रमाणे टकळीच्या तुलनेत चरख्यावर साधारण सहापट सूत निघते. सूत वाढले म्हणजे कापड वाढले, विणकर वाढले, बाजार वाढले. पण सहापट सूत निघाले म्हणून कातणारीला सहापट मोबदला मिळाला असे समजू नये. माग पुरुषाचा, त्याची बिरादरी, त्याचे नाव इतिहासात येते. मोमीन, साळी, कोष्टी ही नावे आपल्याला माहीत आहेत. चरखा बाईचा, आणि तिच्या कामाला घरकाम म्हटले की हिशेब संपला.

चाकाला मूठ कधी आली हेही पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकापर्यंत आपल्याकडे मुठीचा चरखा आलेला दिसतो. त्याआधी चाक आऱ्यांना बोट लावून फिरवत. मुठीमुळे हात मोकळ्या लयीत फिरू लागला, पण एक नवी अडचण आली. मूठ एकाच बाजूला असते, तिचे वजन त्या बाजूला पडते. म्हणूनच वर सांगितलेली खडूची परीक्षा मूठ लावूनच करायची असते. नुसत्या चाकाचा तोल साधला आणि मग मूठ बसवली तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

एकोणिसाव्या शतकात लँकेशायरचे गिरणीचे सूत आले. पुढे मुंबईतही गिरण्या निघाल्या. विणकराने गिरणीचे सूत घेऊन आपला माग कसाबसा चालू ठेवला. कातणारीला असा काही आधार उरला नाही. चरखा इतका नाहीसा झाला की गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमात माग सुरू केले तेव्हा त्यांना गिरणीचेच सूत वापरावे लागले. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबहन मजमुदार भेटल्या. त्यांनी खूप शोध घेऊन बडोदा संस्थानातल्या विजापूरला माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले. तिथल्या बायका कातायला तयार होत्या, पण त्यांना पेळू हवे होते. ते दिले मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी, आपल्या गिरणीतून. हेच उमर सोबानी पुढे खिलाफत आणि असहकारात उतरले, आणि जुलै १९२१ मध्ये परदेशी कापडाची मोठी होळी झाली ती त्यांच्याच परळच्या गिरणीच्या आवारात. चरख्याच्या गोष्टीत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

गिरणीचे पेळू किती दिवस वापरायचे, हा प्रश्न होताच. गंगाबहननी पिंजारी शोधला. मुंबईत मणिभवनला असताना गांधीजींनी गाद्यांचा कापूस पिंजत रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याला वर बोलावले. त्याने भाव चढा सांगितला, गांधीजींनी तो दिला. मला ही नोंद फार आवडते. पिंजाऱ्याशिवाय पेळू नाही, पेळूशिवाय चरख्याला काम नाही. चाकाचा तोल कितीही नेमका असला तरी कापूस नीट पिंजलेला नसेल तर सूत गाठाळणारच.

महाराष्ट्रात पिंजारी, नदाफ, मन्सूरी या नावांनी ही बिरादरी ओळखली जाते. धनुकलीच्या तातीचा तो घुमणारा आवाज आमच्या पिढीने गल्लीत ऐकला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे ‘व्यापार’ असे लिहिले होते. वडील गाद्या भरण्याचे काम करत. मी तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विजापूरची गोष्ट सांगितली, आणि पिंजारी मिळाला नसता तर खादीचे काय झाले असते हे मुलांना विचारले. मुलीने अर्ज बदलला की नाही, ते मी पाहिले नाही. गोष्ट सांगून झाल्यावर तिने तातीसाठी काय वापरतात ते सगळ्या वर्गाला समजावून सांगितले, एवढे आठवते.

१९२१ मध्ये विजयवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने देशात वीस लाख चरखे सुरू करण्याचे ठरवले. घाईत बनवलेले चरखे जसे असायचे तसेच निघाले. चाके डुगडुगत, चात्या वाकड्या. मगनलाल गांधींसारखे कार्यकर्ते चरखा सुधारण्यातच गुंतले होते. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि १९२९ मध्ये उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. झोपडीत चालेल, हलका असेल, गावात दुरुस्त होईल, आणि आठ तासांत सोळा हजार वार सूत देईल, अशा कडक अटी होत्या. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

पुण्याच्या येरवडा तुरुंगात मात्र १९३० च्या सुमारास वेगळीच गोष्ट घडली. गांधीजी तिथे कैदेत होते, आणि पेटीत मावणारा, दोन चाकांचा चरखा तिथल्या प्रयोगांतून आकाराला आला. मोठे चाक धाकट्या चाकाला फिरवते, धाकटे चातीला. त्याला येरवडा चक्र किंवा पेटी चरखा म्हणतात. घरी असा चरखा असेल तर तोलाची परीक्षा जरा वेगळी करावी लागते. पेटीत चाके आडवी असतात, म्हणून जड बाजू खाली यायला वावच नसतो. चाक कुठेही थांबते आणि आपल्याला वाटते तोल ठीक आहे. वेगात फिरवले की मग पेटी थरथरू लागते. यासाठी माळा काढून पेटी कुशीवर उभी करायची, म्हणजे चाके उभी होतात. मग खडूची तीच परीक्षा दोन्ही चाकांवर वेगवेगळी करायची. लहान चाक जास्त वेगाने फिरते, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ खर्च करायचा.

शिक्षक म्हणून मला आणखी एक नाव घ्यायचे आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि बुनियादी शिक्षणाची योजना तयार करण्याचे काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे आले. हातकामातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची, हा त्या योजनेचा गाभा. कताई-विणाई त्यातली प्रमुख हस्तकला होती. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला, हेही सांगितले पाहिजे, आणि त्या विरोधातल्या शंका सगळ्याच पोकळ नव्हत्या. आपल्या मुलांची भाषा आणि तालीम कुठे जाईल, ही काळजी खरी होती. पण खडूची खूण करून चाकाचा तोल साधणारे मूल परीघ, व्यास, गुणोत्तर आणि गुरुत्वाकर्षण एकाच तासात शिकते. ही गोष्ट उर्दू शाळेतही तितकीच खरी आहे आणि मराठी शाळेतही. चरखा नसेल तर सायकलचे चाक चालते. मी करून पाहिले आहे. वॉल्व्हची बाजू तळाशी येते हे मुलांना कुणी सांगावे लागत नाही. ती दुसऱ्या फेरीलाच ओरडून सांगतात.

तर मित्रहो, चरखा कुणाचा? अल-जज़रीने तोलाची रीत लिहिली, बगदादच्या चित्रकाराने चाक दाखवले, रेम्मव्वेने त्यात देव पाहिले, इसामीने ते टोमण्यात वापरले, गंगाबहननी ते माळ्यावरून खाली काढले, उमर सोबानींनी त्याला पेळू दिले आणि एका अनाम पिंजाऱ्याने कापूस पिंजून दिला. यातले एक नाव गाळून उरलेल्यांचा जयजयकार करायचा, तर तो इतिहास होत नाही.

तुमच्या घरी जुना चरखा असेल तर वरची परीक्षा जरूर करून पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात आजी, नानी असतील तर त्यांना चरख्याच्या भागांची नावे विचारा आणि त्या सांगतील त्याच बोलीत लिहून ठेवा, मग ती दखनी असो, कोकणी असो, खानदेशी असो वा वऱ्हाडी. हे शब्द कोशात शोधून सगळे मिळत नाहीत. ते ज्यांच्या जिभेवर आहेत ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत.